दिवा लावून शोधलेले नाणे

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची चाल आमच्या घरी आहे, तशी ती तुमच्याही घरी असेल. आई तिला हळदकुंकू वाहते, वर एक फूल ठेवते, आणि मगच तिने पहिल्यांदा घर झाडते. लहानपणी मला याचे फार हसू येई. केरसुणीची कसली पूजा! पुढे मॅट्रिक होऊन मी शाळेत शिकवू लागले. आमचा जिल्हा नगरचा. शाळेला लागूनच ख्रिस्ती मंडळींची वस्ती होती. दिवाळीत आमच्याकडून फराळाचे ताट तिकडे जाई, आणि नाताळात तिकडून करंज्या आणि केक इकडे येई. ताट रिकामे परत करायचे नाही, ही रीत दोन्हीकडे सारखीच. एका वर्षी तिथल्या एका मावशींच्या घरात दुखणे होते, त्यांच्याकडून काही करणे झाले नव्हते. त्यांनी ताट पुसून लख्ख केले आणि त्यात एक चिमुकले पुस्तक ठेवून परत पाठवले. ते लूकचे शुभवर्तमान होते.

सणाची गडबड ओसरल्यावर मी ते उघडले, आणि पंधराव्या अध्यायात माझी केरसुणी मला भेटली. एका बाईजवळ चांदीची दहा नाणी आहेत. त्यातले एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, कानाकोपरा धुंडाळते. नाणे सापडल्यावर ती शेजारणींना आणि मैत्रिणींना बोलावून म्हणते, या गं, माझ्याबरोबर आनंद करा. बस्स, एवढीच गोष्ट. मूळ ग्रीकात त्या नाण्याला ‘द्राख्मा’ म्हटले आहे. त्याची किंमत साधारण एका मजुराच्या दिवसाच्या मजुरीएवढी. त्या काळच्या तिकडच्या खेडवळ घरांत उजेड बेताचाच, म्हणून शोधायला दिवा हवा. म्हणजे ही बाई काही श्रीमंत नव्हे. तुमच्याआमच्यासारखीच, महिनाअखेरीला डबे हलवून पाहणारी.

त्या अध्यायात अशा तीन गोष्टी एकापाठोपाठ एक येतात. पहिली हरवलेल्या मेंढराची, दुसरी या नाण्याची आणि तिसरी उधळ्या पुत्राची. येशू पापी लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून शास्त्री आणि परुशी कुरकुर करतात. ती कुरकुर ऐकून त्याने या गोष्टी सांगितल्या, असे लूक म्हणतो. तिन्हींचा शेवट आनंदाने होतो, पण तिसरीत त्या आनंदाला एक गालबोट लागते. धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूरदेशी जातो, सारे उडवतो, डुकरे राखायची पाळी येते तेव्हा शुद्धीवर येतो आणि परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, घरात मेजवानी सुरू होते. इतके दिवस शेतात राबणारा थोरला संध्याकाळी घराकडे येतो, तो वाद्यांचा आवाज ऐकतो आणि उंबऱ्याबाहेरच थांबतो. मी आत येणार नाही, म्हणतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही, ते सांगितलेलेच नाही. चार कादंबऱ्या लिहिणारी बाई मी. शेवट कसा करावा या विवंचनेत रात्री काढल्या आहेत. हा शेवट वाचून मला लेखकाचा हेवा वाटला, आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर काटा आला. कारण ती थोरली मी होते.

माझा धाकटा भाऊ वडिलांच्या मागे घरातले थोडेफार होते ते घेऊन मुंबईला गेला आणि सहा वर्षे त्याने तोंड दाखवले नाही. आईचे दुखणे, घराची गळती, कर्जाचे हप्ते हे सगळे माझ्या पगारावर. आणि नेमक्या त्याच दिवाळीत तो आला होता. आईने त्याच्यासाठी चकल्यांची दुसरी तळणी लावली. मी तोंडाने काही बोलले नाही, पण भाऊबीजेला ओवाळताना माझा हात जड झाला होता, तो त्यालाही जाणवला असेल. ते पुस्तक हाती आले तेव्हा तो नुकताच परत गेला होता. मी हिंदू घरातली, आजही तशीच आहे. धर्म बदलावा असे मला कधी वाटले नाही, आणि मावशींनीही कधी तसे सुचवले नाही. पण त्या रात्री ती गोष्ट माझ्यासाठी लिहिली गेली होती, एवढे खरे.

मग मला एक वेगळाच नाद लागला. ही गोष्ट यहुदी देशातली, लिहिली गेली ग्रीकात. ती आमच्या मराठीत आली कशी? कोणी आणली, आणि आणताना त्यांना काय पडले? सुट्टीत जिल्ह्याच्या वाचनालयात बसून जे वाचले, त्यातले थोडेसे वाचकांपुढे ठेवते.

सुरुवात फार मागे, गोव्यात करावी लागते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस, विल्टशायरमधला, जन्म १५४९ च्या सुमाराचा. तो मोठा झाला तेव्हा इंग्लंडात राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि कॅथलिकांना तिथे उघडपणे धर्म पाळणे अवघड झाले होते. हा रोमला गेला, जेझुइट झाला, आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसून २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. त्या प्रवासाचे वर्णन करणारे त्याने वडिलांना लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. पुढची चाळीस वर्षे त्याने गोव्याच्या साष्टीत काढली आणि १६१९ साली तिथेच तो वारला. मायदेशी परतला नाही.

आता इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर नाही. तो आला तेव्हाचा गोवा हा काही गोडीगुलाबीचा गोवा नव्हता. १५६० साली तिथे इन्क्विझिशन आले. त्याच साली कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला नेला गेला, कारण पोर्तुगीज हद्दीत देवळे राहणे शक्य नव्हते. साष्टीतली देवळे पडली, घरोघरची पुराणे आणि पोथ्या बंद झाल्या. स्वतःच्या देशात ज्याच्या धर्माची गळचेपी झाली, तो माणूस अशा देशात आला की जिथे त्याच्याच पंथाचे राज्यकर्ते दुसऱ्यांच्या धर्माची गळचेपी करीत होते. इतिहासाची ही तऱ्हा मला वर्गात मुलांना समजावून सांगता येत नाही. मुले विचारतात, बाई, मग तो चांगला की वाईट? मी म्हणते, आधी त्याने काय केले ते ऐका.

त्याने केले ते असे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाने त्याला विचारले, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला रमण्यासाठी दुसरे काही का देत नाही? हा प्रसंग त्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभी स्वतःच घातला आहे. मला तो सबंध ग्रंथातला सर्वांत हृदयाला भिडणारा प्रसंग वाटतो. त्या माणसाचे देव गेले, देऊळ गेले, नावसुद्धा बदलले असेल. आणि त्याने मागितली काय, तर गोष्ट! संध्याकाळी दिव्याशी बसून ऐकायला ओवी. धर्मबदलाच्या सगळ्या गदारोळात माणसाची ही भूक तशीच शिल्लक राहिली होती, आणि परक्या पाद्र्याला ती समजली, हे त्याचे मोठेपण.

त्यातून ‘ख्रिस्तपुराण’ झाले. दहा हजारांच्या वर ओव्या. पहिल्या पुराणात जुन्या करारातली सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. छंद ओवीचा, घाट आपल्या पुराणांचा. स्वर्गाला तो सरळ ‘वैकुंठ’ म्हणतो. निव्वळ ग्रांथिक मराठी सामान्य लोकांना उमजणार नाही, म्हणून इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असे त्याने प्रस्तावनेत सांगितले आहे. आणि मराठीची त्याने गायलेली थोरवी तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दगडांत रत्न, फुलांत मोगरा, पक्ष्यांत मोर, तशी भाषांत मराठी, असा त्या ओव्यांचा आशय. मराठीला राजाश्रय नाही म्हणून आपण गळे काढतो, तेव्हा मला या विल्टशायरच्या माणसाची आठवण होते. त्याला मराठीत कोणती नोकरी मिळवायची होती?

ग्रंथ १६१६ साली राचोलला छापला गेला, तोही रोमन लिपीत. इथल्या लिपीत छापावे अशी स्टीफन्सची इच्छा होती आणि १६०८ साली त्याने रोमला वरिष्ठांकडे तशी परवानगी मागितली होती. पण ते जमले नाही. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठे सापडत नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषांविरुद्धच हुकूम काढला. म्हणजे ज्याने पुराणे बंद केली, त्याच राज्याने त्यांच्या जागी आलेले पुराणही घरातून हद्दपार होण्याची सोय केली. तरी ते टिकले, ते लोकांच्या हातांनी. गोव्यातून कर्नाटकच्या किनाऱ्याला गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्याची हस्तलिखिते जपली, ती एकमेकांना उतरवून दिली, घरात वाचली. त्यावरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले, आणि देवनागरीत शांताराम बंडेलू यांची आवृत्ती यायला १९५६ साल उजाडले. तीनशे चाळीस वर्षे! नाणे हरवले तर असे हरवते, आणि कोणी ना कोणी दिवा घेऊन शोधीत राहते.

मधला काळ मी भराभर सांगून टाकते. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, १८११ मध्ये नवा करार. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, त्यांनी छापखाना घातला, पुढे नगरला ठाण मांडले. भाषांतरे झाली, सुधारली गेली. पण त्या भाषांतरांत पुष्कळदा एक अवघडलेपणा असे. पाहुणा परक्या घरात पाटाच्या कडेला बसतो तसा.

हा अवघडलेपणा ज्यांना खुपला त्या पंडिता रमाबाई. त्यांची कहाणी महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी हिंडत त्या कलकत्त्याला पोचल्या, तिथे पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटले. भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच पती गेला. छोटी मनोरमा तेवढी कडेवर. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनला फुलम भागात ज्यांना समाज ‘पतित’ म्हणतो अशा स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. अशा बायकांची कोणी दयेने चौकशी करते, हे त्यांना नवल वाटले. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर भेटलेल्या शमरोनी बाईची गोष्ट सांगितली. ही योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली. परक्या जातीची, पाच नवरे होऊन गेलेली, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली ती बाई. आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. आपल्या इकडे पाणवठ्याची गोष्ट किती झोंबते, हे काय सांगायला हवे? त्या गोष्टीने रमाबाईंच्या मनाची पकड घेतली, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. १८८९ साली काढलेल्या शारदा सदनावर चारच वर्षांत धर्मांतराचे वादळ उठले, आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच खोटी होती असे मला म्हणवत नाही, आणि रमाबाईंचा हेतू वाईट होता असेही म्हणवत नाही. पण पुढे दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून केडगावच्या ‘मुक्ति’त आणणाऱ्या त्याच होत्या. पंचेचाळिशी उलटल्यावर या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबलाचे चालू मराठी खेड्यातल्या अशिक्षित बाईला कळत नाही, त्यात संस्कृत शब्दांचा भार फार, म्हणून सबंध बायबल त्यांनी एकटीने नव्याने भाषांतरित करायला घेतले. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीतल्याच बायका. जिला एकेकाळी अक्षरही लिहिता येत नव्हते, तिने खिळे जुळवलेला धर्मग्रंथ! जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. एकुलती लेक गेली, तरी आई प्रुफे तपासीतच राहिली. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. पुस्तक बाहेर पडले १९२४ साली. मी कधी वर्गातल्या वह्या तपासायचा कंटाळा केला की ती प्रुफे मला आठवतात.

आणि आता आमच्या नगरचे टिळक पतिपत्नी. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, फुलांमुलांचे कवी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. काव्यशास्त्रावर गप्पा झाल्या. उतरताना त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. शब्द दिला म्हणून वाचायला बसले, हातात पेन्सिल घेऊन, चुका काढायच्या तयारीने. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी, पोचले तेव्हा पेन्सिल थांबली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते पुढे म्हणत. म्हणूनच त्यांच्या ख्रिस्ताला अभंग, भजन, कीर्तन सगळे शोभून गेले. चर्चमध्ये टाळ वाजू लागले.

हे झाले टिळकांचे. पण घरी लक्ष्मीबाई होत्या ना! पुरुषाला आगगाडीत साक्षात्कार होतो, आणि बाईच्या पायाखालची जमीन जाते. ही माझी टीका नव्हे, ‘स्मृतिचित्रे’ वाचून कोणाही बाईला वाटेल ते मी लिहिते. नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले, अकराव्या वर्षी लग्न झालेली. माहेरी वडिलांचे सोवळे असे की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. अशा घरच्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला! लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पाच वर्षांच्या सुमारास हा वियोग चालला. टिळक पत्रे लिहीत, कविता लिहीत. बाई रडत, भांडत, आणि रागाच्या भरातही आपल्यावरच हसत. ते हसणे मराठीत दुसऱ्या कोणाला साधलेले नाही.

शेवटी त्या नवऱ्याकडे आल्या, पण आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, मधे पोर. ही कसरत चालू असतानाच राहुरीला एक दिवस त्यांच्या मनात विचार आला की देवाने माणसे निर्माण केली, की जाती निर्माण केल्या? जनावरांत असतात तशा वेगळ्या खुणा माणसांच्या अंगावर का नाहीत? विचार करता करता त्यांचे ठरले, की आजपासून कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. कोणाचे प्रवचन नाही, कोणाचा आग्रह नाही. घरातल्या घरात, एकटीने केलेला हिशेब. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. मला तर वाटते, त्या दहा नाण्यांच्या बाईसारखे त्यांनी मनाचे घर झाडले, आणि कोपऱ्यात जे सापडले ते उचलून घेतले. पुढे त्यांच्या घरात अनाथ मुले, आजारी माणसे, कोणाकोणाची पोरे यांची कायम पंगत असे. पैशाची चणचण, आणि तरी पुस्तकाच्या पानापानावर आनंद. त्यात कुठेही उपदेशाचा वास नाही.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ रचायला घेतले होते, ओवीबद्ध. थोडे अध्याय झाले, आणि ९ मे १९१९ रोजी ते वारले. ज्या बायकोला त्यांनी स्वतः अक्षरे गिरवायला शिकवली, जिच्या शुद्धलेखनाची चेष्टा केली, तिने ते काम पुढे घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. स्वयंपाक करता करता, पोरांची उस्तवार करता करता. स्टीफन्सने त्या अनाम ब्राह्मणाला दिलेले वचन तीनशे वर्षांनी एका नाशिककडच्या ब्राह्मणकन्येने पाळावे, हा योगायोगच म्हणायचा. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने निघू लागली, फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, आणि ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले.

मावशींना मी एकदा हे सगळे सांगितले. त्यांना टिळकांची भजने तोंडपाठ होती, पण स्टीफन्सचे नाव ठाऊक नव्हते. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी कोणी विलायतेचा माणूस ओव्या रचीत होता, हे ऐकून त्या म्हणाल्या, “मग बाई, त्याला जात्यावर कुणी बसवलं असंल?” मी हसले, पण नंतर वाटले, प्रश्न बरोबर आहे. ओवी काही पुस्तकातून शिकता येत नाही. साष्टीतल्या कोणत्या तरी घरात, कोणा बाईचे दळण चालू असताना, तो उंबऱ्याशी उभा राहून ऐकत असणार.

मावशी आता नाहीत. त्यांची सून आहे, तिच्याकडे दर वर्षी ताट जाते. भाऊ मधूनमधून येतो, यंदाही येणार आहे. त्याचे पत्र परवाच आले. आईने मला ते दोनदा वाचून दाखवायला लावले आणि भाजणी जास्त दळून आणायला सांगितली. मी गिरणीत गेले, रांग मोठी होती. परत आले तो आईने नवी केरसुणी आणून दाराआड उभी करून ठेवली होती, आणि माळ्यावरचे त्याचे जुने अंथरूण उन्हात टाकले होते. ते झटकायला तिला हात पोचेना, म्हणून मीच झटकले.